तुपातला शाकाहारी

टेक्ससमध्ये शाकाहारी असणं हे फुकटात मिळालेलं मोठेपण आहे. ऑफिसच्या मेजवानीत सगळे ब्रिस्केटवर तुटून पडलेले असतात आणि आपण कागदी ताटलीत कोबी-गाजर घेऊन उभे असतो. कुणीतरी विचारतंच, "कधीच नाही खाल्लं? चिकनसुद्धा?" मग मंद हसायचं आणि नुसती मान हलवायची. स्वतः काडीचंही न करता बापजाद्यांच्या पुण्याईवर इतका भाव खाता येतो, हे सुख मी ह्यूस्टनमध्ये मनसोक्त भोगलं. लेकीनं ऑस्टिनहून केलेल्या एका फोनमध्ये ते संपलं.

"बाबा, मी व्हीगन झालेय."

"अगं, आपण जवळजवळ तसेच आहोत की."

"तू? तू तर तुपावर जगतोस."

मी वादात सहसा हार जात नाही. पण तूप, दही, पनीर, श्रीखंड एवढा मुद्देमाल फ्रीजमध्ये असताना काय कपाळ बोलणार? शाकाहाऱ्यांच्या पंगतीत अग्रपूजेचा मान असलेला मी एका वाक्यात खाटकाच्या शेजारी जाऊन बसलो.

तरी वाटलं, सोपं आहे. पिठलं-भाकरी, आमटी, मटकीची उसळ. आपलं निम्मं स्वयंपाकघर दुधावाचून चालतं. सुट्टीत घरी येणार होती, म्हणून मोठ्या उदारपणे विचारलं, काय करू? तर म्हणाली, "बीन टाको. आणि केसो." केसो म्हणजे वितळवलेलं चीज.

आता टेक्स-मेक्समधून, म्हणजे टेक्ससी वळणाच्या मेक्सिकन जेवणातून, मांस आणि चीज काढून टाकलं तर उरतं ते मीठ आणि सदिच्छा. टेक्ससच्या विधिमंडळानं १९७७ मध्ये चिलीला राज्याचा अधिकृत पदार्थ केलं. ती चिली मांसाची, आणि कट्टर टेक्सन माणूस तिच्यात बीन्सही खपवून घेत नाही. मी नुसत्या बीन्सची करतो. खिडक्या लावून.

बाहेर खाण्याची सोयही लेकीनं ठेवली नाही. कोपऱ्यावरच्या टाकेरियात तिनं गल्ल्यावरच्या मावशींना सरळ विचारलं, बीन्समध्ये डुकराची चरबी असते का? मावशींना प्रश्नच कळेना. "म्हणजे काय? त्याशिवाय चव कशी येणार?" आणि भाताला? भाताला कोंबडीचं पाणी. मी मागे उभा होतो. हातात नेहमीचीच थाळी, गेली कित्येक वर्षं 'शुद्ध शाकाहारी' म्हणून मागवलेली. लेक वळून माझ्याकडे बघत राहिली. बापजाद्यांचं काय म्हणणं पडलं ते मी विचारलेलं नाही.

तेव्हापासून टॉर्टिया घरी. गव्हाच्या टॉर्टियात चरबीची परंपरा, म्हणून मक्याच्या. मासा हरीना म्हणजे आपलं मक्याचं पीठ नव्हे, हे मी भेटेल त्याला ऐकवतो, तुम्हीही ऐका. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवायचे, रात्रभर तसेच ठेवायचे, सकाळी चोळून टरफलं धुऊन टाकायची आणि मग वाटायचं. चुना तोच, आजोबांच्या पानाच्या डब्यातला. ते वाटण वाळवून त्याचं पीठ केलं की मासा हरीना. ते कोमट पाण्यात भिजवलं की चुना काढलेल्या भिंतीवर पहिला पाऊस पडावा तसा वास येतो. साध्या मक्याच्या पिठाच्या कडा फाटतात. हे मात्र गोळा धरतं. प्लास्टिकच्या दोन तुकड्यांमध्ये गोळी ठेवायची, वरून जड कढईचा तळ दाबायचा, अलगद सोडवून तव्यावर टाकायची. दुसऱ्यांदा उलटली की मधोमध एक फुगा येतो, त्या वेळी मी सगळ्यांना हाका मारतो.

पण चुन्याचं खरं काम वेगळंच. मक्यात अडकून बसलेलं नायसिन तो मोकळं करतो. मेक्सिकोतल्या बायका हजारो वर्षं असाच मका शिजवत आल्या. युरोपनं तिथून मका उचलला आणि चुना तिथेच ठेवला. मग मक्यावरच पोट भरणाऱ्या इटलीतल्या गरिबांना पेलाग्रा झाला. कातडी सोलवटली, कित्येकांना वेड लागलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेतही तेच झालं. कणसं जहाजात भरताना चुलीपाशी बसलेल्या बाईला कुणी काही विचारलं नाही. हे सगळं मी टॉर्टिया गरम असताना सांगायला घेतो आणि सांगून होईपर्यंत ती गार होते.

केसोचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझी मान खाली जाते. भिजवलेले काजू, उकडलेला बटाटा, रंगापुरतं गाजर, भाजलेलं जिरं, हालापिन्योच्या बरणीतलं आंबट पाणी आणि न्यूट्रिशनल यीस्ट नावाचे पिवळे पापुद्रे मिक्सरमधून काढायचे. काजू आईनं चिपळूणहून पाठवलेले, सणासुदीच्या शिऱ्यासाठी. तिला अजून सांगितलेलं नाही.

मंडळाच्या दिवाळीत एका काकूंनी विचारलं, "काय हो, मुलीला आपलं जेवण आवडत नाही वाटतं?" हा प्रश्न मला चावतो. १९७२ मध्ये डायना केनेडी यांचं मेक्सिकन स्वयंपाकावरचं पुस्तक आलं आणि टेक्स-मेक्सला खऱ्या मेक्सिकनच्या पंगतीतून उठवण्यात आलं. आपल्याकडे तर ते कधी पंगतीत नव्हतंच. पण आम्ही दोघं शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून दमून यायचो, आजी सातासमुद्रापार, आणि त्याच टाकेरियातल्या त्याच मावशी गल्ल्यावरून वाकून पोरीच्या हातात गरम टॉर्टिया ठेवायच्या, पैसे न घेता. दात येत होते तेव्हा ती तेच चघळायची. वसतिगृहात ताप आला तर माझ्या पोरीला मऊ भात आठवत नाही, बीन्स आठवतात. यात तिनं काय सोडलं आणि कुणाचं बिघडवलं, हे काकूंनी मला समजावून सांगावं.

हे मी काकूंना बोललो नाही. मंद हसलो, मान हलवली आणि म्हणालो, "आवडतं हो. पण आम्ही आता घरात दूधसुद्धा वापरत नाही."

काकू हबकल्या. फार बरं वाटलं.

"असं का?" बायको म्हणाली, आणि माझ्या हातातला वाफाळता चहा काढून घेऊन तिनं काकूंना दिला.