मणक्यातली गॅप

नोकरी करायची असेल आणि अधूनमधून आजारीही पडायचं असेल, तर माणसाच्या मणक्यात गॅप असावी. इतका सर्वमान्य, घरंदाज आणि ऑफिसला पटणारा आजार दुसरा नाही. एमआरआयची काळी फिल्म खिडकीशी धरून अकाउंट्सचे तिघं माना वाकड्या करकरून बघतात. मणका कुठला नि गॅप कुठली हे एकालाही कळत नाही, तरी तिघं एका सुरात म्हणतात, "बापरे, एल-फोर, एल-फाइव्ह!" लगेच खुर्ची बदलून मिळते. खालचा ड्रॉवर शिपाई उघडून देतो. साहेब जातीनं येऊन सांगतात, "पाटील, तुम्ही वजन उचलू नका हं." पाटलांनी सबंध नोकरीत पेनापेक्षा जड काही उचललेलं नाही, हे साहेबांनाही ठाऊक असतं.

त्याच ऑफिसात आणखी एक जण आहे. पहाटे चारला जाग येते ती येतेच. जेवण जात नाही. तीन ओळींच्या ईमेलला अर्धा तास लागतो. डॉक्टरांनी तपासून नैराश्याचं निदान केलंय, गोळ्या लिहून दिल्यात, थोडी विश्रांती घ्या म्हणालेत. तो रजेचा अर्ज घेऊन बसतो. अर्जात एक रकाना असतो, 'कारण'. पेन तिथंच अडतं. शेजारचा अनुभवी सहकारी खुर्ची सरकवत जवळ येतो आणि हळूच म्हणतो, "येडा आहेस का? मणक्यात गॅप लिही."

खरं लिहिलं तर काय होतं, हे त्या सहकाऱ्यानं पाहिलेलं असतं. सर्टिफिकेटच्या माथ्यावर 'मनोविकारतज्ज्ञ' असं छापलेलं असतं. तो शब्द आत जाईल अशी घडी घालून माणूस कागद पुढे करतो. आस्थापनेतल्या बाई घडी उलगडतात, वाचतात आणि कागद टेबलावर पालथा ठेवतात. वर पेपरवेट. "कुणाला सांगणार नाही हं मी," म्हणतात आणि डबा खायला जातात. भेंडीची भाजी संपेस्तोवर बातमी तिसऱ्या मजल्यावर पोचलेली असते. मानसिक आरोग्याबाबतची माहिती गोपनीय राहण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं दिलेला आहे. उपचारात शारीरिक आजाराइतकाच मान द्या, विमाही त्याच धर्तीवर द्या, असंही त्यात आहे. कायदा करणाऱ्यांनी दवाखान्याचा विचार केला, विमा कंपनीचा केला. डब्याचा राहून गेला.

सगळा घोळ पट्ट्याचा आहे. गॅपवाल्याला कमरेचा पट्टा असतो. तो शर्टावरून दिसतो, उठता-बसता वेलक्रोचं 'खर्रर्र' ऐकू येतं आणि त्यासरशी अख्ख्या फ्लोअरला गलबलून येतं. नैराश्यवाल्याकडे दाखवायला काहीच नाही. उलट तो दाढी करून येतो, कुणाच्या विनोदावर हसतो, आणि हसला की संपलंच: "काल तर दात काढत होता!" म्हणून शासनाला माझी नम्र सूचना आहे की नैराश्याचाही एक पट्टा काढावा. कपाळाला बांधायचा. रंग तोच, कातडी, म्हणजे लोकांना ओळखीचा वाटेल. सौम्य आजाराला दोन इंची, तीव्र आजाराला चार इंची. मीटिंगमध्ये कुणी "जरा पॉझिटिव्ह विचार कर" म्हणालं, की तोंडानं काही न बोलता पट्टा सोडायचा आणि पुन्हा बांधायचा. खर्रर्र. अर्थात आपलं ऑफिस त्यातूनही वाट काढेल. पहिल्या आठवड्यात विचारपूस होईल. दुसऱ्या आठवड्यात कुणीतरी म्हणेल, माझ्या मेव्हण्याला चार इंची होता, तरी पठ्ठ्या ऑडिटला बसला. तिसऱ्या आठवड्यात साहेब म्हणतील, "क्लायंट येतोय, तासभर काढून ठेव ना." चौथ्यात एचआरचं सर्क्युलर निघेल: पट्टा कंपनीचा लोगो असलेलाच वापरावा, हरवल्यास दीडशे रुपये पगारातून कापले जातील. आणि मार्चमध्ये अप्रेझलच्या फॉर्मवर नवा रकाना उगवेल, 'विनापट्टा उपस्थितीचे एकूण दिवस'.

गॅपवाल्याला कुणी "मणका प्रसन्न ठेव" असं सांगत नाही. याला मात्र ट्रेकला चल, विपश्यनेला जाऊन ये, मोबाइल कमी कर, लग्न कर. लग्न झालेलं असेल तर एक मूल होऊ दे. आणि सगळ्यांचं पालुपद एकच: "टेन्शन काय, आम्हालाही असतं!" गोळ्यांवर तर प्रत्येकाचं मत असतं. या गोळ्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्तही. आधी येतात ती मळमळ, तोंडाला कोरड, नको त्या वेळी पेंग. साहेब आठव्या दिवशी विचारतात, "अजून फरक नाही?" पुढे फरक पडला की तेच म्हणतात, "आता झालास ना बरा? सोड त्या गोळ्या, सवय लागेल." बरं वाटल्यावरही त्या काही महिने घ्यायच्या असतात, मनानं एकदम बंद करायच्या नसतात. पण डॉक्टरांचं ऐकायचं की साहेबांचं? साहेब स्वतः रोज सकाळी बीपीची गोळी न चुकता घेतात. ती सवय नव्हे, ती शिस्त.

पण खरी तिडीक जाते डोक्यात ती 'तुझ्याच भल्यासाठी' म्हणणाऱ्यांमुळे. तुला ताण नको, म्हणून त्याचा प्रोजेक्ट काढून दुसऱ्याला देतात. मीटिंगची आमंत्रणं येईनाशी होतात. बसायची जागा झेरॉक्स मशीनपाशी जाते, तिथं कसं शांत असतं. सहा महिने असं कोपऱ्यात ठेवून मार्चमध्ये त्यालाच विचारतात, "या वर्षी तुझ्याकडे दाखवण्यासारखं काय आहे?" अरे, काय असणार? तुम्हीच घेतलंत ना सगळं काढून! आजारात ज्याला आधीच वाटत होतं की आपण कुचकामी आहोत, त्याला तुम्ही लेटरहेडवर, सहीशिक्क्यानिशी तेच लिहून दिलंत. आणि रात्री साडेअकराला 'अर्जंट' असा मेसेज टाकणारा तो महाभाग? त्याची जागा कुणी हलवली नाही. त्याला बढती मिळाली. ताण घेणाऱ्याची फाइल तयार होते, ताण देणाऱ्याची कधीच होत नाही. एकाही ऑफिसात नाही.

वर यांचा दहा ऑक्टोबरचा सोहळा. जागतिक मानसिक आरोग्य दिन १९९२ पासून पाळतात. आपल्याकडे तो फुगे लावून पाळतात. कार्यक्रम संध्याकाळी सहाला, म्हणजे काम सुटल्यावर. उपस्थिती सक्तीची. तणावमुक्तीवरच्या व्याख्यानाला जो येणार नाही त्याला मेमो. वक्ते सगळ्यांना हात वर करून हसायला लावतात. शेवटी साहेब सांगतात, "माझ्या केबिनचं दार तुमच्यासाठी सदैव उघडं आहे." त्या दारातून आत गेलेल्याचं पुढे काय झालं, हे झेरॉक्स मशीनपाशी विचारावं.

मागणं फार मोठं नसतं हो. बऱ्याच जणांना या आजारात सकाळ सगळ्यात जड जाते. सव्वानऊऐवजी दहाला थंब मारायची मुभा आणि दवाखान्याच्या दिवशी दोन तास, बस. अशा वाजवी सोयी करून द्यायला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सरकारी आस्थापनांना सांगितलंय, आणि दीर्घकालीन मानसिक आजारही त्या कायद्यात येतो. खासगीवाल्यांचा कुणी हात धरलाय? क्रिकेटची फायनल असली की अख्खं ऑफिस चारला मोकळं होतं, साहेबांच्या मुलीचं विमान उतरणार असलं की बोर्ड मीटिंग पुढे जाते, तेव्हा शिस्त बिघडत नाही. याच्या पाऊण तासानं मात्र कंपनी बुडते! तेव्हा यंदा दहा ऑक्टोबरला वक्त्याचं मानधन वाचवा, फुगे वाचवा आणि त्या पैशात या माणसाचे लेट मार्क माफ करा. कार्यक्रमातला बटाटेवडा तेवढा ठेवा. त्याबद्दल तक्रार नाही.