घरकुल : जागा सोडून सर्व काही

घरकुल म्हणजे सरकारने बांधून दिलेले घर, असा एक समज आहे. प्रत्यक्षात घर लाभार्थी बांधतो. सरकार त्याचे फोटो काढते. पाया, जोते, छप्पर, प्रत्येक टप्प्याचा फोटो जिओ टॅग होऊन वर जातो, तेव्हा हप्ता खाली येतो. प्रधानमंत्री आवास योजनेत 2016 साली सपाटीवरच्या ग्रामीण घरासाठी 1 लाख 20 हजार रुपये ठरले, किमान क्षेत्र 25 चौरस मीटर. पुढे सिमेंट, सळई आणि गवंडी या तिघांनीही भाव वाढवले. रकमेने संयम पाळला. राज्याला 50 हजारांची भर घालावीशी वाटली ती 2025 मध्ये. मधला फरक लाभार्थी उसनवारी करून भरतो. घर स्वस्तात पडते ते असे.

घरकुलाचा सर्वांत महाग घटक या रकमेत धरलेलाच नाही. तो म्हणजे जमीन. 16 एप्रिल 2013 रोजी विरारची लोकल डहाणूपर्यंत धावली आणि माकुणसार, केळवे, सफाळे हा आजच्या पालघर जिल्ह्यातला पट्टा मुंबईकरांना एकदम जवळचा वाटू लागला. गुंठ्याचा भाव सांगताना आता दलालही आवाज खाली आणतो. ज्याला दुसरे घर हवे त्याला येथे जागा मिळते; ज्याला पहिले हवे त्याने आधी सातबारा दाखवायचा असतो.

भूमिहीनांचा विचार झालाच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची जागाखरेदी योजना आहे. तिने 500 चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी 50 हजार रुपये देऊ केले. पुढे रक्कम लाखावर गेली. 500 चौरस फूट म्हणजे अर्धा गुंठाही नव्हे. 1947 च्या तुकडेबंदी कायद्यानुसार शेतजमिनीचा एवढा तुकडा विकताच येत नव्हता. एका खात्याने पैसे दिले, दुसऱ्याच्या कायद्याने ते खर्च करण्याची वाट अडवली. घरकुलासाठी 1000 चौरस फुटांपर्यंतची सूट 2024 मध्ये आली, म्हणजे दोन्ही खात्यांची ओळख झाली.

कातकरी आदिवासींचे प्रकरण वेगळे आहे. 2023 च्या पीएम-जनमन योजनेत त्यांच्या घराला 2 लाख मिळतात. पण पावसाळा संपला की अनेक कुटुंबे बयाणा घेऊन वीटभट्टीवर जातात. इतरांच्या घरांच्या विटा पाडण्यात उन्हाळा जातो आणि स्वतःच्या जोत्यापुढे फोटोला उभे राहायला कोणी नसते. अहवालात याची नोंद ‘लाभार्थी उदासीन’ अशी होऊ शकते.

संघटनांचे काम येथे सुरू होते, आणि ते विटा रचण्याचे नसून कागद रचण्याचे आहे. 1982 पासून वेठबिगारांच्या मुक्तीसाठी लढणाऱ्या श्रमजीवी संघटनेला मुक्त माणसाच्या घराखालची जमीन त्याच्या नावावर करण्यासाठीही मोर्चे काढावे लागले. सरकारी भाषेत याला लोकसहभाग म्हणत नाहीत. लोकसहभाग म्हणजे गृहप्रवेशाच्या दिवशी मांडवात बसणे.

संघटनेने नकाशापासून हात घातला की काय होते, हे भायखळ्याच्या फुटपाथवरील बायकांनी दाखवले. 1984 मध्ये स्थापन झालेल्या ‘स्पार्क’ संस्थेच्या साथीने ‘महिला मिलन’ या त्यांच्याच संघटनेच्या सदस्यांनी घराची पूर्ण आकाराची प्रतिकृतीच उभी केली आणि छत 14 फुटांवर मागितले, म्हणजे माळा काढता येतो. तज्ज्ञांना हे सुचले नव्हते. त्यांना माळ्यावर झोपायचे नव्हते.

संघटनेने उभ्या केलेल्या घरांचे सर्वांत मोठे उदाहरण सोलापूरचे. कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे नेते नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने 10 हजार घरे उभी राहिली. 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती सुपूर्द झाली. वसाहतीला नाव कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांचे. गोदूताईंनी 1945 मध्ये वारली आदिवासींना वेठबिगारीविरुद्ध उभे केले ते तलासरी-डहाणूत, आजच्या पालघर जिल्ह्यात; त्यांच्या नावाची घरे मात्र सोलापुरात झाली. त्यानंतर आडमांच्याच पुढाकाराने 30 हजार घरांचे रे नगर आले. जानेवारी 2019 मध्ये त्याच्या कार्यक्रमाला पंतप्रधान नरेंद्र मोदी आले आणि 2024 मध्ये पहिली 15 हजार घरे त्यांच्याच हस्ते दिली गेली. 2019 च्या त्या व्यासपीठावर मोदींचे कौतुक केल्याबद्दल मार्क्सवादी पक्षाने आडमांना तीन महिने केंद्रीय समितीतून निलंबित केले. बांधकाम निलंबित झाले नाही.