लवचिक कामगार कसे व्हावे : नवशिक्यांसाठी सोपी मार्गदर्शिका

नुकताच आयटीआय पास होऊन, फिटरचं किंवा वेल्डरचं सर्टिफिकेट प्लॅस्टिकच्या फोल्डरात घालून चाकण, रांजणगाव किंवा वाळूजच्या एमआयडीसीत उतरलेल्या उमेदवारासाठी ही मार्गदर्शिका आहे. अर्थशास्त्र आलंच पाहिजे असं नाही. श्रमबाजार लवचिक झाला की गुंतवणूक येते आणि गुंतवणूक आली की रोजगार वाढतो, एवढं पाठ असलं की पुरे. यात वाकायचं कोणी, ते कुठे लिहिलेलं नसतं. गेटवर कळतं.

लागणारं साहित्य : आधार, पॅन, पासबुक, चार फोटो, सेफ्टी शूज आणि कॉट बेसिसवर एक जागा. खोलीचा करार अकरा महिन्यांचा करू नये, नोकरी त्याच्या आधी संपते.

सर्वांत आधी आपला मालक कोण, ते शोधून काढा. शेड कंपनीची, मशीन कंपनीचं, टार्गेट कंपनीचं आणि त्यासाठी ओरडणारा सुपरवायझरही कंपनीचाच. पगार मात्र कॉन्ट्रॅक्टर देतो, ज्याला तुम्ही जॉइनिंगच्या दिवशी पाहिलेलं असतं, तेही गाडीत बसताना. लाइनवर तुमच्या शेजारी परमनंट माणूस उभा असेल. हातात तोच टॉर्क रेंच, समोर तोच जॉब. फरक शर्टाच्या रंगात आणि पगाराच्या आकड्यात. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याखालचे नियम सारख्या कामाला सारखं वेतन द्या म्हणायचे. नवशिक्याने ते जरूर वाचावेत, पण कॅन्टीनमध्ये मोठ्याने वाचू नयेत.

कॉन्ट्रॅक्टरला लायसन्स लागायचं ते २० कामगारांपासून. महाराष्ट्राने ही मर्यादा ५० वर नेली. एकाच शेडमध्ये ४९-४९ पोरांचे दोन कॉन्ट्रॅक्टर दिसले आणि दोघांचं आडनाव एकच निघालं, तर योगायोग समजावा.

यापुढचा धडा गणिताचा आहे आणि सगळा अभ्यासक्रम त्यावर उभा आहे. आकडा : २४०. औद्योगिक विवाद कायद्यात, १९५३ च्या दुरुस्तीपासून, वर्षात २४० दिवस भरले की सलग सेवा धरली जायची. मग कामावरून कमी करताना नोटीस द्यायची आणि वर्षामागे १५ दिवसांचा पगार. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत तर २४० दिवस भरलेल्या टेम्पररीला परमनंट करा, असं कलमच होतं. २४० दिवस म्हणजे आठ महिने. म्हणून सातव्या महिन्यात ब्रेक. कायद्याने दिवस मोजायला शिकवलं ते कामगारासाठी, पण पक्कं मोजायला शिकला तो एचआर.

ब्रेकचा दिवस ओळखायला सोपा असतो. दुसरी शिफ्ट सुटताना सुपरवायझर नाव न घेता नुसतं ‘अरे, जरा ऑफिसला जाऊन ये’ म्हणतो. ऑफिसात आयकार्ड, गॉगल, लॉकरची किल्ली जमा करायची आणि एका कागदावर सही. कागदावर ‘वैयक्तिक कारणास्तव काम सोडत आहे’ हे आधीच छापलेलं असतं. कारण शोधण्याचा त्रास तुम्हाला दिलेला नाही, याची नोंद घ्या. सहीखाली तारीख घालू नका, ती नंतर घातली जाते. महिनाभराने फोन येतो आणि तुम्ही त्याच लाइनवर, त्याच मशीनवर, दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरच्या नावाने पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होता. मशीन तुम्हाला ओळखतं. रेकॉर्ड ओळखत नाही.

हे सगळं नवं आहे असं वाटत असेल, तर घरात कोणी गिरणीतलं असल्यास त्यांना ‘बदली’ म्हणजे काय ते विचारा. मुंबईच्या गिरण्यांत बदलीवाले भोंग्याच्या वेळी गेटवर उभे राहायचे. कोणाचा खाडा झाला की त्या सांच्यावर काम, नाहीतर घरी परत. अशी अनेकांची वर्षंच्या वर्षं गेली. त्यामुळे महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना कायद्यात अनुचित प्रथांची यादी करताना एक कलम खास घातलं गेलं : परमनंटचे हक्क मिळू नयेत या हेतूने माणसांना बदली किंवा टेम्पररी म्हणून वर्षानुवर्षं ठेवणं ही अनुचित प्रथा. विधिमंडळाने आमची मार्गदर्शिका आधीच वाचली होती की काय, अशी शंका येते. पण उत्साहाने कोर्टात धावू नका. २००१ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका औषध कंपनीच्या खटल्यात सांगितलं की, कंपनी जर ‘हा आमचा कामगारच नव्हे’ म्हणत असेल, तर आधी ते नातं दुसरीकडे सिद्ध करून या, मग या कायद्याखाली तक्रार करा. मालक शोधायचा धडा आधी का घेतला, ते आता कळलं असेल.

मालकांची बाजूही अभ्यासक्रमात आहे, आणि ती सगळीच खोटी नाही. मोठ्या गाडी कंपनीला सुटे भाग पुरवणाऱ्या व्हेंडरला पुढच्या महिन्याचं शेड्यूल किती येईल ते ठाऊक नसतं. मागणी पडली की वरची कंपनी एका मेलवर आकडा निम्मा करते. अशा वेळी १०० माणसांवरच्या कारखान्याला कपातीसाठी सरकारची परवानगी काढावी लागे, आणि ती मिळणं म्हणजे दिव्यच. म्हणून कारखाने वाढतच नाहीत, असा युक्तिवाद होता. बेस्ली आणि बर्जेस या अर्थतज्ज्ञांनी २००४ मध्ये औद्योगिक विवाद कायद्यातल्या राज्याराज्यांच्या दुरुस्त्या मोजून तो मांडला, आणि पुढे प्रत्येक धोरणकर्त्याच्या तोंडी तो बसला. आदित्य भट्टाचार्य यांनी नंतर ही मोजणीच तपासली. तेव्हा गुजरात ‘कामगारधार्जिणं’ ठरलं होतं ते १९७३ च्या एकुलत्या एका दुरुस्तीवरून, असं निघालं : संयुक्त मंडळावर प्रतिनिधी न नेमणाऱ्या मालकाला दिवसाला ५० रुपये दंड! आणि कायदा एवढा ताठर असतानाही, सरकारच्याच उद्योग पाहणीनुसार २००० च्या सुमारास कारखान्यांतल्या कामगारांत पाचात एक कंत्राटी होता, आता पाचात दोन आहेत. पुढचं दार बंद आहे म्हणून ओरड चालू होती, तेव्हा मागच्या दाराने शिफ्टच्या शिफ्ट आत जात होत्या.

आता नव्या आवृत्तीतले बदल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून २९ कामगार कायद्यांच्या जागी चार संहिता आल्या. परवानगीची मर्यादा १०० वरून ३०० झाली, स्थायी आदेशही ३०० च्या वरच. त्याबरोबर ‘मुदत नोकरी’, म्हणजे ठरावीक मुदतीच्या कराराची नोकरी, आली, आणि तिला सरसकट नावं ठेवता येणार नाहीत. कामगार थेट कंपनीचा, पगार परमनंटइतका आणि ग्रॅच्युइटी पाच वर्षांऐवजी एका वर्षात. कागदावर हे कॉन्ट्रॅक्टरपेक्षा शंभर पटीने बरं. मात्र कपात झालेल्याला पुन्हा शिकता यावं म्हणून मालकाने १५ दिवसांचा पगार निधीत भरायचा आहे, आणि मुदत संपणं ही व्याख्येप्रमाणे कपात नव्हेच. शिवाय ग्रॅच्युइटी वर्षाला लागते हे एचआरलाही वाचता येतं. तेव्हा करार अकरा महिन्यांचे निघतील असा माझा अंदाज आहे. खोलीमालकाशी तारखा जुळवून घेता येतील, एवढी सोय झाली.

काही नेहमीच्या शंका.

काम अनिश्चित असलं तर हक्कही अनिश्चित असायलाच हवेत का? वाशीच्या बाजार समितीत जाऊन पाहा. ट्रक किती येतील, कोणत्या गाळ्यावर लागतील, कोणालाच सांगता येत नाही. पाठीवर पोतं घेणाऱ्या माथाडीला कायमचा एक मालकही नाही. तरी अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून आलेल्या १९६९ च्या कायद्याने मजुरी आणि वर लेव्ही व्यापाऱ्याने बोर्डात भरायची, आणि बोर्डाने पगार, पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, दवाखाना बघायचा, अशी सोय केली. माथाडीच्या नावावर खंडणी उकळणारे टोळभैरव पुढे उपजले, ही उद्योजकांची तक्रार रास्त आहे. पण कामाचा पत्ता रोज बदलणाऱ्या माणसाचा पीएफ एका जागी साठतो, हे महाराष्ट्रात पन्नासहून अधिक वर्षं चाललेलं आहे. एमआयडीसीच्या सेमिनारमध्ये लवचिकतेवर बोलायला डेन्मार्कची उदाहरणं येतात. वाशीचं कोणी आणत नाही.

पीएफ कापला जातो पण खात्यात दिसत नाही? दर महिन्याला मोबाइलवर पासबुक बघा आणि स्क्रीनशॉट ठेवा. हा सल्ला गमतीत दिलेला नाही.

सात वर्षं झाली, पाच कॉन्ट्रॅक्टर झाले, अनुभव किती लिहू? शेवटच्या पत्रावर असेल तेवढा. बहुधा सहा महिने.

स्थळं बघताना ‘परमनंट आहात का’ विचारतात, काय सांगावं? ‘कंपनीत आहे’ म्हणावं आणि कॅन्टीनच्या जेवणाचं कौतुक सुरू करावं. बायोडाटावर कॉन्ट्रॅक्टरचं नाव घालू नये. मुलीचे वडील परमनंट होऊन रिटायर झालेले असतील, तर ते पगाराची स्लिप मागतील आणि मग फार काही करता येत नाही. ते स्वतः ब्रेकवर असतील, तर विचारणारच नाहीत.