बांधावरचा बिनपगारी तलाठी

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर मोबाइलवरून पिकाची नोंद करायची ई-पीक पाहणी आली आणि शेतकरी स्वतःच स्वतःचा तलाठी झाला. पगार तेवढा जुन्या तलाठ्याच्या खात्यावर राहिला. पूर्वी तलाठी भाऊसाहेब चावडीत बसल्या बसल्या अख्ख्या शिवारात बाजरी पेरत (पाऊस न पडताही!). आता अकोले तालुक्यातल्या डोंगरात धनी पोटरीभर चिखलात उभा राहून भाताचा फोटो काढतो. फोटो रेंजविना निघतो, पण तो चढवायला रेंजमध्ये यावं लागतं. चढवला की सर्व्हर बसतो.

दरम्यान तलाठ्याचा ‘ग्राम महसूल अधिकारी’ झाला. सातबाऱ्यावर डिजिटल सही तर त्याआधीच आली होती. तो उतारा घेऊन पीककर्जाला जा, काउंटरवरचे साहेब कागद उलटापालटा करून विचारतात, “शिक्का कुठाय?”