धोबी आला!

नवरात्राच्या आगेमागे एका सकाळी आमच्या सोसायटीत आरोळी उठते, "धोबी आला! धोबी आला!" पहिल्या वर्षी दुसऱ्या मजल्यावरच्या काकू इस्त्रीच्या कपड्यांचं बोचकं घेऊन खाली धावल्या होत्या. खाली कोणीच नव्हतं. वर गच्चीत, पाण्याच्या गळक्या टाकीपाशी, शेपटी खालीवर करत एक चिमणीएवढा पक्षी फिरत होता आणि नाना त्याच्याकडे डोळे भरून बघत होते. करडा धोबी. उन्हाळा हिमालयाकडे काढून पुन्हा आमच्याच टाकीवर हजर. नानांची मुलगीही त्याच आठवड्यात बंगळूरहून माहेरी आली. ती स्टेशनवरून रिक्षा करून आली.

असा एक नाना हल्ली पुण्यातल्या बहुतेक सोसायट्यांत असतो. पुस्तकात देतात तशा त्याच्या ओळखायच्या खुणा मी सांगतो. आकार मध्यम, पोट ठळक. अंगावर शेवाळी रंगाची, अकरा खिशांची विजार. गळ्यात ८ बाय ४२ची दुर्बीण. आवाज : "श्शू!" आढळ : ऑक्टोबर ते मार्च, पाणथळ जागी आणि तिथून जवळच्या मिसळीच्या हॉटेलात. मादी वेगळी दिसते, घरी असते, आणि दुर्बिणीची किंमत तिला सात हजार सांगितलेली असते.

आमचे नाना बँकेतून निवृत्त झाले. तिथे त्यांनी कधी कुणाच्या चेहऱ्याकडे मान वर करून पाहिलं नाही, असं खातेदार सांगतात. ती सगळी शिल्लक आता पक्ष्यांवर खर्च होते आहे. ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह. सुरुवात मारुती चितमपल्लींच्या वाढदिवसाला, शेवट सालिम अलींच्या. नाना दोन्ही दिवशी श्रीखंड आणतात. त्यांच्या पत्नीचा, माईंचा वाढदिवस एप्रिलमध्ये, म्हणजे हंगामाबाहेर.

एकदा मी त्यांच्याबरोबर कवडीला गेलो. "पांढरा शर्ट घालू नकोस, पक्ष्यांना दिसतो," असं त्यांनी आदल्या रात्री दोनदा फोन करून बजावलं. सोलापूर रस्त्याला, लोणी काळभोरच्या अलीकडे, मुळा-मुठेवर हा जुना बंधारा आहे. नदीवर साबणाचा असावा तसा फेस, काठावर साऱ्या शहराच्या पिशव्या, आणि वास असा की गाडीची काच खाली करायचा धीर होईना. त्या सगळ्यात लडाख-तिबेटकडून आलेली चक्रवाकांची नारिंगी जोडपी ऐटीत बसली होती. थापट्या बदकं फावड्यासारख्या चोचींनी पाणी गाळून खात होती. सांडपाण्यात किडे-अळ्यांची चंगळ, म्हणून पक्ष्यांची गर्दी. "ही नदी साफ व्हायलाच हवी," नाना गहिवरून म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "मार्चनंतर."

तेवढ्यात झुडपात काहीतरी तपकिरी हललं. वटवट्या. वटवट्यांच्या जाती डझनावारी आणि बहुतेक सगळ्या मळकट रंगाच्या. शेजारी दुसरे एक अकरा खिशांचे गृहस्थ उभे होते. त्यांचं आणि नानांचं जुंपलं. भुवई डोळ्याच्या मागे जाते की डोळ्यापाशीच संपते? पाय काळे की गुलाबी? पाऊण तास चाललं. पक्षी पहिल्याच मिनिटाला उडून गेला होता, पण वादाला त्याची गरज नव्हती.

मला मात्र त्या दिवशी महत्त्वाचं काहीच दिसलं नाही. जे दिसण्यासारखं होतं ते मी बुटाची नाडी बांधत असताना येऊन गेलं. "अरेरे, आत्ताच होता!" हे वाक्य नाना इतक्या समाधानाने म्हणतात, की त्यांना पक्षी दिसल्यापेक्षा मला न दिसल्याचा आनंद अधिक होतो की काय अशी शंका येते.

परत आल्यावर माई चहा देत म्हणाल्या, "चक्रवाकांची रात्री ताटातूट होते म्हणतात ना? आमची पहाटे साडेचारला होते."

लग्नाची आमंत्रणं नाना नकाशा बघून स्वीकारतात. इंदापूरकडचं असेल तर भिगवण जवळ, उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी. निफाडचं असेल तर नांदूर मध्यमेश्वर, २०२० साली राज्यातलं पहिलं रामसर स्थळ झालेलं. निफाडच्या पुतण्याचा गोरज मुहूर्त होता. मंगलाष्टकं ऐन रंगात आलेली असताना शेतांवरून भोरड्यांचा थवा धुरासारखा वळणं घेत आला. अल्बममध्ये सगळे नवरानवरीकडे बघताहेत, एकटे नाना आभाळाकडे, अक्षता मुठीत तशाच. नवरीकडच्यांना वाटलं, काका फार भाविक दिसतात.

डिसेंबरात घरच्यांनी हट्टाने त्यांना गोव्याला नेलं. पहिल्या दिवशी ते रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावरच्या खारफुटीत गेले, आणि संध्याकाळपर्यंत आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी सुनेने दम भरून त्यांना किनाऱ्यावर आणलं. तिथेही ते सगळे खिसे लावून, दुर्बीण डोळ्यांना लावून, पालथे पडले. लाटेच्या काठाने चिलखे आणि तुतवार तुरुतुरु पळत होते. पण नाना आणि चिलखे यांच्या मधल्या वाळूत ऊन खात पहुडलेले पाहुणेही होते. पाच मिनिटांत शिट्टी वाजवत जीवरक्षक आला, त्याच्यामागे एक संतापलेले गोरे गृहस्थ. नाना त्यांना पुस्तकातलं चित्र दाखवू लागले, तसा गैरसमज आणखी वाढला. शेवटी माई पुढे झाल्या. "अहो, खरंच पक्षीच बघतात हो ते. पस्तीस वर्षांत दुसऱ्या कशाकडे बघितलेलं नाही. मी साक्षीदार आहे." सुटका झाली. नाना वाटेत म्हणाले, "चिलखा बारकाच होता, पण खात्री करू दिली नाही मेल्यांनी."

जानेवारीत स्वर्गीय नर्तक आला. पांढराशुभ्र नर, रिबिनीसारख्या लांब शेपटीचा. सगळ्या मित्रांना दिसला, नानांना नाही. त्याच्यासाठी त्यांनी तीन रविवार घालवले. चौथ्या रविवारी जेवताना माई सहज म्हणाल्या, "तो पांढरा, डोकं काळं, लांब शेपूट. तोच ना? गेले आठ दिवस पेरूवर येतोय. नळ गळतो तिथे अंघोळ करतो."

नानांचा घास हातातच राहिला. "आठ दिवस? आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही माझा ओटा अडवला असता."

दुसऱ्या दिवसापासून नानांनी ओटा अडवला. नर्तक अर्थातच निघून गेला होता. माईंनी निदान दुधाकडे लक्ष द्यायचं काम त्यांना दिलं. काल सकाळी मी साखर मागायला गेलो तेव्हा शेगडीवर, ओट्यावर, फरशीवर दूधच दूध होतं. नानांची वही खिडकीत उघडी होती. '७ वाजून १२ मिनिटं. पेरू. शिंजिर, मादी, १.'

खाली माईंच्या अक्षरात आणखी एक नोंद होती. 'दूध, अर्धा लिटर. आत्ताच होतं.'