हेतूंचा सातबारा

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत बांधावरच्या एका बाभळीसाठी तीन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. आवर्तनाचं पाणी, सोसायटीचं कर्ज, ग्रामसभेचा ठराव, यातल्या एकाही गोष्टीची पक्की माहिती इथे कोणाला नसते. मात्र साडेतीनशे वर्षांपूर्वी रायगडावरच्या सुरनीस अनाजीपंतांच्या मनात नेमकं काय चाललं होतं, हे प्रत्येकाला ठाऊक आहे. फक्त प्रत्येकाला ठाऊक असलेलं वेगळं आहे, एवढीच काय ती अडचण.

हे ज्ञान आम्हाला झी मराठीने दिलं. ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ ही मालिका सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झाली आणि फेब्रुवारी २०२० च्या शेवटी संपली. ती चालू होती तोवर रात्री वीज आली तरी उसाला पाणी धरायला कोण जाणार यावरून बापलेकांत जुंपायची. बाहेर सांगायला कारण बिबट्याचं असे. खरं कारण सोयराबाईंचं असे. आदल्या रात्रीच्या भागाचा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी दौंडहून पुण्याला सुटणाऱ्या गाडीत लागायचा. तिघांच्या बाकावर चौथा म्हणून अर्धं अंग टेकवलेला माणूससुद्धा निकालपत्र वाचून दाखवायचा.

“मला काय वाटतं दाजी, अनाजीला गादीबिदी काही नको होती. राजांनी आधी आपल्याला विचारावं, एवढंच त्याचं म्हणणं.”

“आवं, पण विचारायचं कशाला? राजा मोठा का सुरनीस?”

“तसं नव्हं. आपल्या सोसायटीत नाही का, सचिवाला विचारल्याबिगर चेअरमन सही करत नाही.”

“मग सचिवाला हत्तीच्या पायी देता का तुम्ही?”

यावर उरुळीपर्यंत शांतता.

या विषयावर बोलण्याचा आमचा हक्क इतर तालुक्यांपेक्षा जास्त आहे, असं आम्ही मानतो. दौंडच्या बाजूने भीमा ओलांडली की पेडगावचा बहादूरगड लागतो. संगमेश्वरला कैद झालेले संभाजी महाराज आणि कवी कलश यांना औरंगजेबापुढे उभं केलं ते तिथे. ११ मार्च १६८९ ला महाराजांची हत्या झाली. त्यासाठी सांगितलं जाणारं तुळापूर भीमा-इंद्रायणीच्या संगमावर, आणि समाधीचं वढू बुद्रुक शिरूर तालुक्यात. शेवटचं प्रकरण आमच्याच नदीकाठी घडलेलं. त्यामुळे टीव्हीसमोर बसताना आम्ही स्वतःला प्रेक्षक समजत नाही, साक्षीदार समजतो. आणि साक्षीदार म्हटला की त्याला सगळं दिसलेलं असतं, विशेषतः जे घडलेलं नाही ते.

हेतूचं जमिनीसारखंच असतं. मूळ मालक कधीच गेलेला, कागदाला कसर लागलेली, आणि मागून येणारा प्रत्येकजण आपल्या सोयीचा फेरफार ओढून जातो. रायगडावरच्या त्या प्रकरणाचा उतारा एकदा काढून पाहावा. ३ एप्रिल १६८० ला शिवाजी महाराज गेले. थोरले पुत्र संभाजीराजे पन्हाळ्यावर असताना सोयराबाईंच्या पोटच्या दहा वर्षांच्या राजारामांना गादीवर बसवण्याचा घाट घातला गेला. पुढे १६८१ मध्ये अनाजी दत्तो आणि बाळाजी आवजी चिटणीस यांना मृत्युदंड झाला. इथपर्यंत नोंदी साफ आहेत. यापुढे तलाठ्याची कमाई सुरू होते.

पहिला मोठा फेरफार मल्हार रामराव चिटणिसांचा. घटनेला सव्वाशे वर्षं उलटून गेल्यावर त्यांनी बखर लिहिली. संभाजी महाराज व्यसनी, उतावळे, कोणाचं न ऐकणारे, असा रंग तिने दिला. आता ज्यांना मृत्युदंड झाला ते बाळाजी आवजी या बखरकाराचे पूर्वज. म्हणजे पंचनामा केला आरोपीच्या वारसाने, आणि तोच पुढे शंभर वर्षं पुरावा म्हणून वाचला गेला! त्या उताऱ्यावर नाटककारांनी कर्ज काढलं. राम गणेश गडकरी १९१९ मध्ये गेले तेव्हा त्यांचं ‘राजसंन्यास’ अपुरं होतं, पण नायकाची बदनामी पुरी झाली होती. त्या फेरफारावरची हरकत जानेवारी २०१७ मध्ये नोंदवली गेली. पुण्याच्या संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा पुतळा रातोरात उखडून मुठेत टाकण्यात आला. हरकत नोंदवण्याची ही आपली पद्धत आहे. त्यात मुदत लागत नाही आणि स्टॅम्पही लागत नाही.

खरी दुरुस्ती आधीच झाली होती, पण ती पुस्तकात होती, म्हणून कोणाच्या लक्षात आली नाही. वा. सी. बेंद्रे यांनी आयुष्याची अनेक वर्षं कागद धुंडाळून १९६० मध्ये संभाजी महाराजांचं चरित्र छापलं. डॉ. कमल गोखले यांचं ‘शिवपुत्र संभाजी’ १९७१ चं. दोघांनी मिळून चिटणिशी नोंद जवळजवळ रद्द केली. मग १९७९ मध्ये शिवाजी सावंतांची ‘छावा’ कादंबरी आली आणि अखेर मालिका आली. राजे निर्दोष ठरले, हे फार चांगलं झालं. पण सातबारा कोरा ठेवायची आपल्याकडे रीत नाही. बोजा कोणाच्या तरी नावावर चढवावाच लागतो. तो अनाजीपंत, सोयराबाई आणि गणोजी शिर्के यांच्या नावावर सामायिक चढला.

या खात्यातल्या दोन भावांची गोष्ट मात्र आमच्या गाडीतल्या एकाही न्यायाधीशाला नीट सुटलेली नाही. हंबीरराव मोहिते हे सोयराबाईंचे सख्खे भाऊ. सख्खा भाचा गादीवर बसत होता. तरी सेनापती बहिणीच्या बाजूला न राहता संभाजीराजांच्या पाठीशी उभे राहिले. गणोजी शिर्के हे संभाजीराजांच्या पत्नी येसूबाईंचे भाऊ, वर शिवाजी महाराजांचे जावई. ते बहिणीच्या घराला पाठ दाखवून मोगलांकडे गेले. एकाने बहिणीचं ऐकलं नाही म्हणून तो स्वराज्यनिष्ठ, दुसऱ्याने ऐकलं नाही म्हणून फितूर. निवाडा बरोबर असेलही. पण आमच्याकडे तो कागद पाहून लागत नाही, पार्श्वसंगीत ऐकून लागतो. ढोल वाजला की निष्ठा, सारंगी कुरकुरली की कारस्थान.

गणोजींच्या रागाचं कारण म्हणून दाभोळच्या वतनाचं नाव घेतलं जातं. संगमेश्वरची वाट मोगल सरदार मुकर्रबखानाला त्यांनीच दाखवली, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. आमच्या चहाच्या टपरीवर आहे. पण गंमत पुढे आहे. जिंजीच्या वेढ्यात राजाराम महाराज अडकले होते, तेव्हा मोगली छावणीत हेच गणोजी होते, आणि महाराजांच्या सुटकेला त्यांनीच हात दिला, असं बखरी सांगतात. त्यांना वळवलं ते खंडो बल्लाळांनी, आपलं दाभोळचं वतन त्यांना सोडून. हे खंडो बल्लाळ कोण? मृत्युदंड झालेल्या बाळाजी आवजींचे चिरंजीव! ज्या गादीने बापाला मारलं, तिच्यासाठी मुलगा वतन सोडतो. जो खलनायक, तो छत्रपतींना वाचवतो. आता सांगा, या दोघांसाठी कोणतं पार्श्वसंगीत वाजवायचं? म्हणूनच आमची मालिका तिथवर गेली नाही. एका पात्राला एकच हेतू, हा दूरचित्रवाणीचा कुळकायदा आहे. कसेल त्याची जमीन, दिसेल तोच हेतू.

‘छावा’ चित्रपट फेब्रुवारी २०२५ मध्ये आला तेव्हा या खात्यावर वारस हजर झाले. शिर्के घराण्याच्या वंशजांनी आपल्या पूर्वजांच्या चित्रणाला आक्षेप घेतला, शंभर कोटींच्या अब्रुनुकसानीच्या दाव्याचा इशारा दिला, आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी माफी मागितली. सतराव्या शतकातल्या हेतूचा एकविसाव्या शतकातला बाजारभाव त्यामुळे निदान जाहीर झाला.

असं करणारे आपणच, असं समजून कोणी मान खाली घालू नये. इंग्रजीत ‘गेम ऑफ थ्रोन्स’ नावाची मालिका २०११ पासून आठ पर्वं चालली. राज्यं, किल्ले, भाऊबंदकी, विषप्रयोग, सगळा मालमसाला आपलाच, वर ड्रॅगन फुकट. त्यातल्या राणीने शरण आलेलं शहर का जाळलं, यावर जगभरचे सुशिक्षित लोक जेवण सोडून भांडले. शेवटचं पर्व आम्हाला मान्य नाही, ते पुन्हा लिहून द्या, अशा अर्जावर दहा लाखांहून अधिक सह्या पडल्या. त्या राणीचा एक फायदा होता, ती कधी अस्तित्वातच नव्हती. तिचे वंशज नाहीत, तिची समाधी नाही, तिच्या नावाचा चौक नाही.

आमच्याकडे समाधी आहे. तिथे विनोद थांबतो. महाराजांचे अंत्यसंस्कार कोणी केले, या वादातून डिसेंबर २०१७ च्या अखेरीस वढूत, ते करणारे म्हणून एक बाजू ज्यांचं नाव घेते त्या गोविंद गोपाळ यांच्या समाधीजवळच्या फलकाची मोडतोड झाली. पाठोपाठ १ जानेवारी २०१८ ला कोरेगाव भीमात दगड उडाले, एका तरुणाचा जीव गेला. मेलेल्यांचे हेतू ठरवण्याची हौस जिवंत माणसांच्या अंगावर कशी येते, हे या तालुक्याने पाहिलं आहे. त्यानंतरही आमची हौस फिटलेली नाही.

परदेशी मालिकेचा शेवटचा भाग १९ मे २०१९ चा. चारच दिवसांनी, २३ मेला, शिरूर लोकसभेचा निकाल लागला आणि आमची मालिका पडद्याबाहेर आली. पडद्यावरचे संभाजीराजे, डॉ. अमोल कोल्हे, तीन वेळचे खासदार शिवाजीराव आढळराव पाटील यांना सुमारे ५८ हजार मतांनी हरवून दिल्लीला गेले. मालिका तेव्हा चालूच होती. मतं डॉक्टरांना पडली, पक्षाला पडली की राजांना, याचा उलगडा निवडणूक आयोगाच्या यंत्रात होत नाही. पुढे मालिका आटोपत आली तेव्हा ती राजकीय दबावाने गुंडाळताहेत अशी आवई उठली आणि खासदारांना त्यावर खुलासा करावा लागला. मृत्यूची तारीख १६८९ पासून ठरलेली असताना शेवट कोणाच्या दबावाने आला, असं विचारणारा प्रेक्षक फक्त आमच्याकडेच पिकतो.

मग २ जुलै २०२३ उजाडला. अजित पवारांच्या शपथविधीला कोल्हे राजभवनात दिसले आणि दुसऱ्याच दिवशी आपण शरद पवारांसोबत असल्याचं त्यांनी जाहीर केलं. अनाजीपंतांना मालिकेत एवढी वळणं घ्यायला कितीतरी महिने लागले होते. २०२४ ला पुन्हा तेच दोन उमेदवार. पण आढळराव आता राष्ट्रवादीचं घड्याळ घेऊन उभे, ज्या घड्याळाविरुद्ध ते अनेक वर्षं लढले होते. म्हणजे २०१९ मध्ये शिवसेनेतून राष्ट्रवादीत आलेले एक गृहस्थ आणि २०२४ मध्ये शिवसेनेतून राष्ट्रवादीत आलेले दुसरे गृहस्थ, यांच्यात निष्ठेच्या प्रश्नावर लढत झाली. पहिले सुमारे १ लाख ४० हजार मतांनी जिंकले.

दौंडकरांनी हसू नये. त्यांचे आमदार राहुल कुल २०१४ ला राष्ट्रीय समाज पक्षाचे, २०१९ ला भाजपचे, आणि तेही अवघ्या ७४६ मतांनी. लोकसभेला दौंड बारामतीत मोडतो, तिथे २०२४ ला नणंद विरुद्ध भावजय असा सामना झाला. एखाद्या लेखकाने हा प्रसंग मालिकेत घातला असता, तर वाहिनीने ‘फारच ताणताय’ म्हणून कागद परत पाठवला असता.

आणि या सगळ्या पात्रांचा हेतू काय? पक्ष सोडणाऱ्याला विचारा, पक्षात राहणाऱ्याला विचारा, सकाळी जाऊन संध्याकाळी परत येणाऱ्याला विचारा. उत्तर एकच, ‘मतदारसंघाच्या विकासासाठी’. वेड पांघरून पेडगावला जाण्याची विद्या आमच्या भागात सर्वपक्षीय आहे. सगळ्या पात्रांना एकच हेतू आणि एकच वाक्य देणाऱ्या मालिकेच्या लेखकाला दुसऱ्या आठवड्यात नारळ मिळतो. इथे तेच वाक्य ऐकून आम्ही हार घेऊन रांगेत उभे राहतो. अनाजीपंतांच्या एका भुवईवरून त्यांच्या मनाचा तळ गाठणारा माणूस, आवर्तन लांबलं तर ‘वरूनच सुटलं नाही’ एवढ्यावर समाधान मानतो. शिक्रापूरच्या चौकात तासभर अडकतो आणि तिथेही बाजूच्या गाडीवाल्याशी सोयराबाईंवर बोलतो.

तेव्हा दोन्ही तालुक्यांतल्या जाणकारांना विनंती आहे. गेलेल्यांचा उतारा बेंद्रे-गोखल्यांसारख्यांकडे सोपवा, त्यांनी कागद पाहिलेत. तुमची नजर, तुमचा संशय, तुमची रात्रभर जागण्याची ताकद चालू खात्यांकडे वळवा. पुढच्या निवडणुकीत उमेदवार दारात आला आणि ‘विकास’ म्हणाला, की त्याला बसायला पाट द्या, चहा द्या, आणि एकच विचारा: “साहेब, तुमचं दाभोळ कोणतं?”