टिकलीवरचा गंधार

व्हायोलिन हे लहान मुलांचं वाद्य नव्हे, असं माझं ठाम मत आहे, आणि दर रविवारी मी ते लहान मुलांनाच शिकवतो. पेटीची पट्टी दाबली की सूर निघतो. तो बनवणाऱ्याने आधीच लावून ठेवलेला असतो. तबल्यावर थाप मारली की निदान आवाज तरी होतो, आणि गावात आवाजाला मान असतो. व्हायोलिनला पडदे नाहीत, पट्ट्या नाहीत, काहीच नाही. चार तारा आणि एक काळी गुळगुळीत लाकडी पट्टी. बोट ज्वारीच्या दाण्याएवढं सरकलं तरी गंधार गंधार राहत नाही. हे सगळं आठ वर्षांच्या पोराच्या हातात द्यायचं, आणि दुसऱ्या हातात गज. मग जो आवाज निघतो तो ऐकून दारातली कुत्री उठून जातात. सुरुवातीला मला वाईट वाटायचं. आता मी त्यांना समजूतदार म्हणतो.

त्यात गाव नरसिंहपूर. इंदापूर तालुक्याचं हे अगदी शेवटचं टोक. इथे नीरा भीमेला मिळते आणि पुणे जिल्हा संपतो. नीरेपलीकडे माळशिरस तालुका, भीमेपलीकडे माढा, दोन्ही सोलापूर जिल्ह्यात. त्यामुळे आमच्या वर्गात एखाद्याचा निषाद चढला तर तो तीन तालुके आणि दोन जिल्हे ऐकतात. पाण्यावरून आवाज लांब जातो हे शाळेत शिकलो होतो, त्याचं प्रात्यक्षिक इथे झालं. पलीकडच्या शेतातून एक गृहस्थ होडीने देवदर्शनाला आले, तेव्हा मुद्दाम वाट वाकडी करून विचारायला आले, "मास्तर, रविवारचं ते काय असतंय?"

वर्ग भरतो समाजमंदिराच्या खोलीत. ही खोली सगळ्यांची आहे. बचत गटाची बैठक इथेच, मतदान इथेच, आणि पोलिओचा डोसही इथेच. पोलिओचा डोस रविवारी असतो, आमचा वर्गही रविवारी. त्या दिवशी एका कोपऱ्यात तान्ही पोरं रडत असतात आणि दुसऱ्या कोपऱ्यात आमचा सा-रे-ग चालू असतो. बाहेरून जाणाऱ्याला कुठलं रडणं कुठलं ते कळत नाही. आरोग्यसेविका ताई मात्र आमच्यावर खूश होत्या. व्हायोलिन ऐकून बाळं एकदम तोंड उघडतात, डोस घालणं सोपं जातं, असं त्या म्हणाल्या. आमच्या वर्गाचा समाजाला झालेला हा पहिला नोंद घेण्याजोगा उपयोग.

पालकांशी पहिली लढाई मापावरून होते. व्हायोलिनची मापं असतात: पाव, अर्धं, पाऊण, पूर्ण. लहान हाताला लहान वाद्य. हे ऐकलं की बाप लोक आधी मला न्याहाळतात. मग एक प्रश्न ठरलेला असतो, "अर्धं म्हणजे अर्ध्या किमतीत का?" नाही म्हटलं की दुसरा, "मग पूर्णच घेऊ की. पोरगं वाढतंय." गणवेश वाढत्या अंगाचा, चप्पल वाढत्या पायाची, तर व्हायोलिन का नको? वास्तविक अर्धं व्हायोलिन हे लांबीने अर्धं नसतंच. पूर्ण व्हायोलिनचं खोड सुमारे चौदा इंच असतं आणि अर्ध्याचं साडेबारा. हे मी पट्टी लावून दाखवतो तेव्हा तर त्यांची खात्रीच पटते की दुकानदाराने मला फसवलंय. इंदापूरहून येताना एसटीच्या कंडक्टरने मांडीवरच्या पेटाऱ्याकडे बघून लगेजचं तिकीट काढू का विचारलं. आत अर्ध्या मापाचं व्हायोलिन आहे म्हणून सांगितलं, तर म्हणाला, "मग हाफ काढतो."

माप ठरलं की बसण्याचा प्रश्न. युरोपात व्हायोलिन उभ्याने, हनुवटीखाली धरून वाजवतात. आपल्याकडे मांडी घालून बसायचं, वाद्याचं एक टोक छातीशी आणि दुसरं टोक उजव्या पावलावर टेकवायचं. म्हणजे वाद्य घट्ट राहतं आणि डावा हात मोकळा फिरतो, मींड घ्यायला सोपं जातं. नरसिंहपूरच्या पोरांना भजनाला मांडी घालून बसायची जन्मजात सवय, त्यामुळे मी निर्धास्त होतो. पण दारात एक आजी बसल्या होत्या, नातीला सोडायला आलेल्या. त्यांनी ते पावलावर टेकलेलं टोक बघितलं आणि सगळा वर्ग थांबवला.

"आवं मास्तर, सरस्वतीला पाय लावायचा?"

मी कर्नाटकातल्या, तमिळनाडूतल्या थोर थोर लोकांचे दाखले दिले. तिकडे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बालुस्वामी दीक्षितरांनी हे साहेबाचं वाद्य शिकून घेतलं, कर्नाटक संगीतात आणलं, आणि आज तिकडची मैफल याच्यावाचून होत नाही. ती सगळी धार्मिक माणसं असंच पायावर टेकवून वाजवतात. आजींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्यास्नी त्यांच्या आजीनं सांगितलं नसंल." यावर उत्तर नव्हतं. शेवटी त्यांनीच तोडगा काढला. पुढच्या रविवारी खणाच्या कापडाची एक छोटी गादी शिवून आणली. पाऊल, मग गादी, मग व्हायोलिन. सरस्वतीला पाय लागत नाही, आणि खरं सांगायचं तर टोक घसरतही नाही. आता वर्गात सगळ्यांच्या पावलांवर खणाच्या गाद्या आहेत. पुण्यात एका जाणकाराने फोटो पाहून हे कुठल्या घराण्याचं विचारलं.

गजाचं प्रकरण वेगळंच. गजाला घोड्याच्या शेपटीचे केस असतात, त्यांना राळ घासल्याशिवाय तार बोलत नाही. आणि राळेचा एक नंबरचा शत्रू तेल. रविवार सकाळ म्हणजे आईने पोरांच्या डोक्यावर खोबरेल थापण्याची वेळ. पोरं डोकं खाजवतात आणि तोच हात गजावर फिरवतात. मग गज तारेवरून नुसता घसरतो, सूर म्हणून उमटत नाही. मी वर्गासाठी नियम केला: शनिवारी तेल, रविवारी राळ. घोड्याचे केस म्हटल्यावर मात्र पोरांचे डोळे चमकले. आमच्या तालुक्यात बेलवाडीला तुकोबांच्या पालखीचं गोल रिंगण होतं, इंदापुरालाही होतं. अश्व धावताना प्रत्येकाने बघितलेला. एकाने हळूच विचारलं, "सर, रिंगणातल्या अश्वाचे केस लावले तर आपोआप वाजंल का?" मी नाही म्हटलं. पण त्याने पटल्यासारखं तोंड केलं नाही.

आता टिकल्यांची गोष्ट सांगतो, कारण तीच आमच्या वर्गाची खरी शिक्षणपद्धती आहे. पडदे नसलेल्या पट्टीवर पोरांनी बोट कुठे ठेवावं, यासाठी शहरातले शिक्षक रंगीत चिकटपट्टी लावतात. ती आमच्याकडे संपली होती. एका मुलीने स्वतःच्या कपाळावरची टिकली काढली आणि रिषभाच्या जागी चिकटवली. अचूक! दुसरी मैत्रिणीच्या कपाळावरून घेऊन गंधाराला लावली. आम्ही तारा सा-प-सा-प अशा लावतो. षड्जाच्या तारेवर पहिलं बोट टेकलं की रिषभ, दुसरं टेकलं की गंधार. पंचमाच्या तारेवर पहिल्याच जागी धैवत. आणि वरचा सा पुन्हा मोकळ्या तारेवर. सा-रे-ग-प-ध, म्हणजे भूप. पाच स्वरांचा अख्खा राग दोन टिकल्यांत! भूप पहिला का शिकवतात याची पुस्तकी कारणं अनेक असतील, माझ्याकडे हे कारण आहे की टिकल्यांचं पाकीट जास्त दिवस पुरतं.

अडचण एवढीच की टिकली घामाने सरकते. एप्रिलमध्ये एका पोराचा गंधार सारखा उतरायला लागला. त्याला रागावलो, तर तो छातीठोकपणे म्हणाला, "सर, टिकलीवरच ठेवलंय." बघतो तर बोट टिकलीवरच होतं. टिकलीच खुंट्यांच्या दिशेने निघाली होती आणि हा इमानदारीने तिच्यामागे चालला होता. तेव्हापासून दर वर्गाच्या सुरुवातीला आम्ही पेटीवर सूर धरून टिकल्या तपासतो. घरोघरच्या आयांनी मात्र हिशेब ठेवला आहे. एकीने मला चंद्रकोरीचं आख्खं पाकीट आणून दिलं आणि बजावलं, "आता माझ्या आरशावरच्या नका नेऊ." चंद्रकोरीत गंधार नेमका कुठे धरायचा, टोकावर का पोटात, यावर पोरांत अजून वाद आहे.

गावच्या दैवताचाही संबंध आलाच. व्हायोलिनच्या पोटात एक छोटा लाकडी खांब उभा असतो. साउंडपोस्ट म्हणतात त्याला. वरचं पान आणि खालचं पान यांच्यामध्ये तो नुसता दाबाने उभा असतो, सरस नाही, खिळा नाही. वरच्या पानाची थरथर खालच्या पानाला पोचवण्याचं काम त्याचं. हे मी टॉर्च मारून फटीतून दाखवलं. गाव लक्ष्मी-नरसिंहाचं, पेशवाईतल्या विठ्ठल शिवदेव विंचूरकरांनी बांधलेल्या देवळाच्या सावलीत वाढलेली ही पोरं. त्यांना खांब म्हटल्यावर पुढचं सांगावं लागत नाही. "सर, ह्यातनं पण निघतो का?" मी म्हटलं, सध्या तुम्ही वाजवता तेव्हा निघतो असं वाटतं खरं.

पण गंमत पुढे झाली. चारही तारा एकदम सैल केल्या की दाब जातो आणि तो खांब पडतो. म्हणून तारा बदलताना एकेक करून बदलायच्या असतात. एका वडिलांनी दिवाळीच्या साफसफाईत हौसेने चारही तारा काढल्या, व्हायोलिन ओल्या फडक्याने पुसलं आणि पुन्हा जोडलं. आत खुळखुळ. सकाळी सकाळी मला फोन, "सर, खांब पडला, पण आतनं कुणीच आलं नाही." दुरुस्तीला पुणे गाठावं लागलं. तिथला कारागीर एका वाकड्या सळईने, फटीतूनच, तो खांब उभा करतो. ते बघताना श्वास रोखून धरावा लागतो. गावात परतल्यावर खांब पुन्हा उभा राहिल्याची बातमी माझ्याआधी पोचलेली होती.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? मराठी मुलखात व्हायोलिन काही परकं नाही. गजाननराव जोशी गायला बसले तरी मोठे आणि व्हायोलिन घेतलं तरी मोठे. व्ही. जी. जोग आपल्या वाईचे, 1922 सालचा जन्म, पुढे कोलकात्यात स्थायिक झाले. गोव्याचे श्रीधर पार्सेकर, मुंबईत डी. के. दातार. आणि प्रभाकर जोगांच्या 'गाणारे व्हायोलिन'ने तर घराघरात गाण्याचे शब्दच ऐकू यायला लागले. त्याचा मला त्रास होतो. पालक विचारतात, "सर, ह्याच्या व्हायोलिनमधून शब्द कधी येणार?" मी सांगतो, आधी सूर येऊ दे. दुसरा प्रश्न दहावीच्या वाढीव गुणांचा. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांची नावं आमच्या पालकांना रागांच्या नावांपेक्षा जास्त पाठ आहेत. एकाने तर मुलगी तिसरीत असतानाच दहावीचा हिशेब मांडून आणला होता.

खरी परीक्षा मात्र घाटाच्या पायऱ्यांवर बसते. भजनी मंडळातले एक बुवा रविवारी तिथे डोळे मिटून बसलेले असतात. त्यांनी आयुष्यात व्हायोलिन हातात घेतलेलं नाही. वर्ग सुटला की मला थांबवतात. "त्या दोन वेण्यावालीचा गंधार उतरलाय. बारकं पोरगं धैवताला नुसतं शिवून पळतंय." दोन्ही निदानं शंभर टक्के बरोबर. वर्षानुवर्षं एकादशीला रात्रभर भजन ऐकलेला कान आहे तो. या गावात असे कान ओट्याओट्यावर आहेत. मोठ्या शहरात मुलांच्या कार्यक्रमाला सगळे पालक मोबाइल उंच धरतात आणि शेवटी टाळ्या वाजवतात. इथे कुणी सूर चुकवला तर पहिल्या रांगेतली बाई पदर तोंडाला लावते. यापेक्षा चांगला वर्ग मला कुठे मिळाला नसता.

नृसिंहजयंतीच्या आसपास पोरांनी एका ओळखीच्या वाड्याच्या ओसरीवर वाजवलं. वैशाखातलं ऊन, लाकूड सुकून खुंट्या सैल. भूपाची सरगम निम्म्यावर आली आणि एकेक खुंटी टर्रकन फिरायला लागली. मी खडू घेऊन एकाकडून दुसऱ्याकडे रांगतोय, खुंटीला खडू फासतोय, तार पिळतोय. तेवढ्यात पोरांनी रामकृष्ण हरीचा गजर धरला. तो त्यांनी भूपातच बसवला होता, माझ्या नकळत. मग काय, पखवाज आला, टाळ आले, समोरची सगळी माणसं गायला लागली. खुंट्या फिरल्या तरी कुणाला कळेना. दोन तारांवर, तीन तारांवर, एक पोरगी तर एकाच तारेवर, पण गज कुणाचाही थांबला नाही.

संपल्यावर बुवा आले. मी श्रेष्ठींच्या निकालाची वाट बघत उभा. ते म्हणाले, "दोन पोरं सुरात होती. बाकीची सोबत होती." आणि पुढच्या वर्षीची तारीख धरून गेले.

पुढच्या वर्षीसाठी नव्या पोरांची नावं आली आहेत आणि वाद्यं कमी आहेत. तुमच्या घरी माळ्यावर आजोबांचं किंवा काकांचं व्हायोलिन पडलं असेल, तर द्या. गजाचे केस कसरीने खाल्ले असतील तरी चालेल, आत खांब पडून खुळखुळत असेल तरी चालेल. उभा करून घेऊ. फक्त शक्यतो पाव, अर्धं किंवा पाऊण द्या. पूर्ण मापाची आमच्याकडे तीन आहेत, वाढत्या अंगाची, आणि ती वाजवण्याएवढं अजून कुणी वाढलेलं नाही. टिकल्या आणू नका. त्या पुरेशा आहेत.